माकी-ए: पेनावर पेरलेलं चित्र

शाईबोका

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचक होतो. आज लिहायला बसलो, कारण एक पेन डोक्यातून जात नाहीये.

गेली दोन वर्षं कंपनीच्या कामाने नागोयात आहे. आमच्या विभागातले एक वयस्कर साहेब या मार्चमध्ये निवृत्त झाले. त्याच्या आठवडाभर आधी त्यांच्यासाठी सह्यांचं कार्ड फिरत होतं. माझ्यापाशी आलं तेव्हा मी खिशातलं शाईपेन काढून सही केली. ते साहेबांनी लांबून पाहिलं असणार. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आले आणि रेशमी पिशवीतून स्वतःचं पेन काढून समोर ठेवलं. नामिकी या जपानी कंपनीचं, 'एम्परर' नावाचं. माझ्या अंगठ्याएवढं जाड, काळं कुळकुळीत, आणि त्या काळ्यात दोन सोनेरी मासे.

हातात घेतलं तर गार लागलं नाही. स्टीलचं पेन सकाळी सकाळी बोटांना चावतं, तसं नाही. उगाळलेल्या चंदनाच्या खोडाला हात लावावा तसं काहीतरी. खिडकीकडे नेऊन तिरकं केलं तेव्हा दिसलं की माशाचं डोकं जरासं उचललेलं आहे, बोटाला कळतं. पण शेपटीकडे बोट नेलं की उंचवटा कुठे संपला ते कळत नाही. शेपटीचं सोनं विरळ होत होत काळ्यात बुडून जातं. म्हणजे मासा खरंच पाण्यात खोल गेलाय.

मी मूर्खासारखं विचारलं, "हे इतक्या बारीक ब्रशने सोनेरी रंग कसा लावतात?" साहेब हसले. म्हणाले, सोनं लावत नाहीत, पेरतात. 'माकी-ए'चा अर्थच 'पेरलेलं चित्र'. ब्रशने काढतात ते एका झाडाच्या चिकाने. ओल्या चिकावर सोन्याची पूड भुरभुरायची. आणि मग (इथे माझा जबडा पडला) त्या सगळ्यावर त्याच चिकाचं काळं लॅकर फासून चित्र पुरून टाकायचं. ते पक्कं झालं की कोळशाने घासत घासत चित्र परत वर काढायचं. या पद्धतीला 'तोगिदाशी' म्हणतात, घासून बाहेर काढलेलं.

म्हणजे काढलेलं चित्र स्वतःच्या हाताने गाडायचं आणि मग विश्वासावर उकरायचं. जरा जास्त घासलं तर सोनं गेलं, कमी घासलं तर मासा धुक्यात.

तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. इथे कुणाला यातलं काही माहीत असेल तर लिहा. मीही जमेल तसं लिहीन.

निवांत_नीता

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटो?

शाईबोका

@नीता, काढला नाही. त्यांच्या हातातलं पेन बघत होतो, मोबाईल काढायचं सुचलंच नाही. खरं सांगायचं तर धीरही झाला नाही.

अर्धविराम

छान लिहिलंय, पण मी जरा बिब्बा घालतो. पेन कशासाठी? लिहायला. या पेनांच्या किमती लाखांत असतात, चांगली सेकंड हँड गाडी येईल. निब तर सोन्याची पंधरा-वीस हजारांच्या पेनातही मिळते आणि अक्षर तेवढंच बरं-वाईट येतं. मग बाकीचे पैसे कसले? नावाचे.

आत्याबाई

अर्धविराम, तुझ्या प्रश्नाचं उत्तर नंतर कुणीतरी देईलच, पण 'बिब्बा घालतो' हे तू इतकं चपखल बोललास की मला राहवत नाही. शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते, सवय जात नाही.

शाईबोकांनी 'चीक' म्हटलंय तो उरुशी नावाच्या झाडाचा. हे झाड आपल्या बिब्ब्याचं सख्खं नातलग आहे. आंबा, काजू, चारोळी, बिब्बा आणि उरुशी, सगळी एकाच कुळातली. आंबा उतरवताना देठाचा चीक अंगावर उडाला की कातडी जळते, काजू बिया भाजताना टरफलातलं तेल उडालं की हात सोलवटतात, बिब्बा उततो, ही सगळी एकाच घराण्याची खोड. उरुशीच्या चिकात उरुशिऑल नावाचं द्रव्य असतं आणि बिब्ब्यातलं द्रव्य त्याच्या जवळचं. लॅकरकाम शिकणाऱ्या पोराच्या अंगावर सुरुवातीला पुरळ उठतं. पुढे बऱ्याच जणांना त्याची सवय होते, काहींना कधीच होत नाही.

आणि गंमत पाहा. आपल्याकडे परीट बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करायचा, वर चुना लावला की डाग पक्का. धुऊन धुऊन कापड विरेल पण खूण जायची नाही. म्हणजे एका भावाने परटाकडे नोकरी धरली आणि दुसरा जपानात जाऊन दरबारी कलावंत झाला.

वऱ्हाडी_ठेचा

आत्या __/\__

माझ्या आजीच्या पायाला बिब्बा उतला होता, काळा डाग शेवटपर्यंत राहिला. आम्ही मात्र त्याच बिब्ब्याची गोडंबी लाडवात घालून खातो. आता लाडू खाताना जपान आठवेल.

लेथमास्तर

मी टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. आता घरी छोट्या लेथवर हौसेने पेनं करतो. चित्रकलेतलं मला कळत नाही, पण चित्राच्या खाली काय असतं ते सांगतो. ते कळल्याशिवाय वरचं कळणार नाही.

एम्पररसारख्या पेनाचं अंग एबोनाइटचं. एबोनाइट म्हणजे रबरच, पण त्यात वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त गंधक घालून तासन्‌तास भाजलेलं. मग ते लाकडासारखं कडक होतं. लेथवर लावलं की काळी सलग रिबीन सुटते आणि खोलीभर गंधकाचा वास. बायको म्हणते, दिवाळीची लवंगी फुटली का घरात. हाताला उबदार लागतं ते याच्यामुळे. उष्णता पटकन ओढून घेत नाही.

एबोनाइटचा एकच दुर्गुण. उजेड आणि दमट हवा लागली की वर्षानुवर्षांनी काळ्याचं शेवाळी-तपकिरी होतं. आजोबांचं पेन कुणाकडे असेल तर बघा, टोपणाखाली झाकलेला भाग काळा आणि बाहेरचा मेंदीसारखा. वर लॅकर चढवण्यामागे मुळात हीच अडचण होती. शोभा नंतर आली.

खरादणाऱ्याला आधीच हिशोब करावा लागतो. लॅकरचे थर चढणार म्हणजे जाडी वाढणार. ती गृहीत धरून अंग बारीक ठेवायचं, नाहीतर टोपण बसायचं नाही. शिवाय टोपणाचे आटे. पुष्कळशा पेनांच्या टोपणाला तीन-चार ठिकाणांहून सुरू होणारे आटे असतात, त्यामुळे टोपण तीन-चार वेगवेगळ्या जागी बसू शकतं. चित्र अंगावरून टोपणावर सलग जात असेल तर त्यातल्या एकाच जागी ते जुळणार. शाईबोका, तुमच्या साहेबांनी टोपण लावताना बघून, सावकाश लावलं असेल बघा.

शाईबोका

लेथमास्तर, अगदी! टोपण टेकवलं, उलटं थोडं फिरवलं, काहीतरी 'टुक' झालं आणि मग सुलटं फिरवलं. मला वाटलं वयामुळे हात थरथरतोय.

बोरूबहाद्दर

मास्तरांनी एबोनाइट रंग बदलतं म्हणून लॅकर आलं असं लिहिलंय, त्यामागची गोष्ट सांगतो.

र्योसुके नामिकी हे तोक्योच्या व्यापारी नौकानयन विद्यालयात प्राध्यापक होते. शिकवणं सोडून ते सोन्याच्या निबा करायला लागले आणि १९१८ मध्ये मासाओ वादा यांच्याबरोबर त्यांनी कंपनी काढली. बोटींची माणसं, म्हणून पेनाचं नाव 'पायलट', बंदरात जहाज आणणारा वाटाड्या. आज आपण दुकानात जे पायलटचं पेन घेतो ती हीच कंपनी. १९३८ मध्ये कंपनीचंच नाव पायलट झालं.

काळं एबोनाइट तपकिरी पडतं ही तक्रार त्यांनाही छळत होती. त्यांनी घरच्याच गोष्टीकडे पाहिलं. उरुशीच्या वाट्या-ताटल्यांमध्ये गरम सूप ओततात, तरी शंभर वर्षं रंग हलत नाही. मग पेनावर का नको? १९२५ मध्ये एबोनाइटवर उरुशी चढवण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. अंग काळंभोर आणि टिकाऊ झालं, तशी त्यावर चित्र काढायची कल्पना आली आणि गोन्रोकु मात्सुदा हा कानाझावाकडचा कलावंत कंपनीला येऊन मिळाला. १९३१ मध्ये कंपनीतल्या कारागिरांचा गट उभा राहिला, कोक्कोकाई. आजही नामिकीच्या पेनावर कलावंताच्या सहीबरोबर या गटाचं नाव असतं. मात्सुदांना १९५५ मध्ये जपान सरकारने ज्याला लोक 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात तो मान दिला.

परदेशी दार उघडलं ते लंडनच्या डनहिलने. पाइप आणि लायटर विकणारी ही पेढी. १९३० मध्ये करार झाला आणि 'डनहिल-नामिकी' अशा जोडनावाने पेनं युरोपात गेली. तीच पेनं आज लिलावात आली की लोक श्वास रोखून बघतात.

जाता जाता, साधारण त्याच वेळी आपल्याकडे काय चाललं होतं? १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली, घोडा छाप. पुढे त्याचं कॅम्लिन झालं. आणि राजमहेंद्रीला रत्नम यांनी एबोनाइटचं स्वदेशी पेन करून गांधीजींना पाठवलं. तेही हाताने खरादलेलं, पण बिनचित्राचं, साधं. मला दोन्ही आवडतात.

अर्धविराम

माहिती उत्तम. माझा प्रश्न तसाच आहे. हे एक पेन करायला काही महिने लागतात असं सगळीकडे वाचतो. एक बोटभर मासा काढायला महिने? माझी मुलगी दहा मिनिटांत काढते.

आत्याबाई

मुलीचं कौतुक आहेच. पण तिचा रंग पंख्याखाली वाळतो, उरुशी वाळत नाही.

रंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी किंवा टर्पेंटाइन उडून जातं. उरुशीचं उलटं आहे. चिकातच एक विकर (एन्झाइम) असतं, लॅकेज. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन उरुशिऑलचे रेणू एकमेकांत गुंफतं, आणि त्या विकराला काम करायला दमट हवा लागते. म्हणून ओलं पेन लाकडी कपाटात ठेवतात. त्या कपाटाला 'फुरो' म्हणतात, अंघोळीच्या टबालाही तोच उच्चार आहे. आत साधारण ७०-८० टक्के आर्द्रता आणि वीस-पंचवीस अंशांची ऊब. दही लावण्यासारखं समज. तिथे जिवाणू, इथे विकर, पण रीत तीच: उबेत झाकून ठेवायचं आणि सारखं उघडून बघायचं नाही. घाई करून हवा फार दमट केली तर वरचा पापुद्रा आधी धरतो, आकसतो, सुरकुत्या पडतात आणि काम वाया.

एक थर, मग कपाट. बाहेर काढून घासणं, पुढचा थर, पुन्हा कपाट. असं कितीतरी वेळा. त्यातला हात चालवण्याचा वेळ थोडाच असतो रे.

निवांत_नीता

म्हणजे आमच्या ठाण्यातला जुलै! चार दिवस टॉवेल वाळत नाही, पण उरुशी खडखडीत वाळेल. पहिल्यांदाच आमच्या हवेचा उपयोग कळला.

मालवणी_झील

सावंतवाडीचो असंय, त्यामुळे मध्ये बोलतोच. 'लॅकर' शब्द आपल्याच लाखेवरून गेलेला, संस्कृत लाक्षा, मग लाख, पोर्तुगीजांच्या तोंडी लाका. पण वस्तू वेगळी. लाख किड्याची, उरुशी झाडाची. लाख उष्णतेने वितळते, स्पिरिटात विरघळते. उरुशी एकदा धरली की ना वितळत, ना विरघळत. जपानी पेनाला 'लाखकाम' म्हणू नये ते याच्यासाठी.

तरी बघताना आमची गंजिफा आठवली, हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये चितारी बसून गोल पानं रंगवतात, मी लहानपणी तासभर उभा राहून बघायचो. दशावतारी गंजिफेचा जोड १२० पानांचा, दहा अवतार, प्रत्येकाची बारा. जुन्या रीतीत कापडाला चिंचोक्याची खळ देऊन, वर थर चढवून, घोटून गुळगुळीत करायचं आणि मग चित्र. बोटाएवढ्या जागेत मत्स्य, कूर्म, वराह. ही कला बुडायला आली होती, ती राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवींनी वाड्यात जागा देऊन जगवली.

चितारी रेघ मारताना श्वास सोडत नाहीत. तिथेही तसंच असेल?

शाईबोका

@मालवणी_झील, श्वासाचं तर मी स्वतः भोगलंय. एप्रिलच्या सुट्टीत कानाझावाला गेलो आणि दोन तासांच्या शिकवणीत नाव घातलं. पेन नाही, जेवायच्या काड्या. पर्यटकांसाठीच असते, खरं सोनं नव्हतं, पितळेची पूड. पण कृती खरी.

आधी पातळ कागदावर चित्र. कागद उलटा करून त्याच रेघांवरून उरुशीची अगदी बारीक रेघ ओढायची आणि कागद वस्तूवर दाबायचा. पुसट छाप उमटतो. याला 'ओकिमे'. मी साधी गवताची तीन पाती घेतली होती, शिकवणाऱ्या बाईंनी बघून दोन केली.

मग ब्रश. केस लांब, तलवारीसारखे, टोकाला जेमतेम दोन-चार. खऱ्या कामाचे जुने ब्रश उंदराच्या केसांचे असत, त्यातही बिवा सरोवरातल्या होड्यांवर राहणाऱ्या उंदरांचे. जमिनीवरच्या उंदराचे केस घासून टोकं झिजतात, होडीवरच्याचे शाबूत राहतात अशी समजूत. आता तसे उंदीर मिळत नाहीत, मांजराच्या केसांवर भागवतात. आणि सपाट काळा थर द्यायचा ब्रश माणसाच्या केसांचा, लांब सरळ बायकांच्या केसांचा.

उरुशी काकवीसारखी ओढते. पाण्याच्या रंगाची सवय असलेल्या हाताने रेघ ओढली की मध्येच तुटते, जास्त घेतली की फुगते. बाई म्हणाल्या, हात हलवू नका, काडी फिरवा. मी जीभ दाताखाली धरून पहिलं पातं पूर्ण केलं आणि बरं झालं एकदाचं म्हणून सुस्कारा सोडला. पुडीची वाटी समोरच होती. टेबलभर सोनं. शेजारची आजी खो खो हसायला लागली.

पूड पेरायची नळी बांबूची किंवा पक्ष्याच्या मोठ्या पिसाच्या देठाची, एका टोकाला रेशमी जाळी. नळी तिरकी धरून तर्जनीने हलकी टिचकी मारत राहायचं. रांगोळी चिमटीतून सोडतो तसं, फक्त चिमटीच्या जागी टिचकी. माशाची शेपटी विरत जाते ती या टिचकीतून. जवळ जवळ मारल्या तर दाट, लांब गेलं तर विरळ. तिथे ब्रशचं काही काम नाही.

पुडीतही प्रकार. पानाएवढी चपटी, कणाएवढी गोल, पिठासारखी. गोल कण जाड असेल तर नंतर घासल्यावर त्याचा माथा कापला जातो आणि तो चमकतो. बारीक असेल तर मंद मखमली. एकाच माशावर तीन जातींचं सोनं होतं, ते मला तेव्हा कळलं.

लेथमास्तर

घासतात कशाने? आम्ही वॉटरपेपर दोन हजारापर्यंत जातो, मग पॉलिश.

शाईबोका

कोळशाने, पाणी लावून. मऊ लाकडाचा कोळसा, त्याची बोटाच्या पेराएवढी चौकोनी वडी करून तिला पेनाच्या गोलाईसारखी खाच देतात. शेवटचं चकाकणं मात्र हाताच्या बोटाने: तेलाचं बोट आणि हरणाच्या शिंगाची राख. बोटाच्या ठशानेच घासतात म्हणे, कापडालाही धार असते!

लेथमास्तर

सपाट पाटीवर कोळसा फिरवणं वेगळं. गोल दांड्यावर कोळसा एका वेळी एका रेघेवरच टेकणार. जिथे टेकेल तिथे जास्त घासलं जाणार. शाईबोकांनी सांगितलेलं ते उचललेलं डोकं आणि खाली बुडणारी शेपटी, म्हणजे उंचवट्याच्या उतारावर घासणं. हे हाताने? मशीनवर द्या म्हटलं तरी मी नको म्हणेन.

बोरूबहाद्दर

मास्तर, तुम्ही बरोबर दुखरी नस पकडलीत. सपाट ते 'हिरा', घासून काढलेलं ते 'तोगिदाशी', उचललेलं ते 'ताका'. डोकं उचललेलं आणि शेपटी घासून बुडवलेली, हे दोन्ही एकत्र आलं की त्याला 'शिशिआई-तोगिदाशी' म्हणतात आणि ते सगळ्यात अवघड मानतात. शाईबोकांच्या साहेबांकडे बहुधा तेच आहे.

अर्धविराम

ठीक. हरलो नाही, पण ऐकतोय. आता माझी खरी तक्रार सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'हाताने रंगवलेलं जपानी पेन' म्हणून एक घेतलं. बायकोच्या वाढदिवसाला, जरा उसनवारी करूनच. क्रौंच पक्षी, लाटा, सगळं. सहा महिन्यांनी भाच्याच्या कॉलेजातल्या भिंगाखाली सहज धरलं तर क्रौंचाच्या पंखात ओळीत ठिपके. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. विक्रेता म्हणाला, 'कारागिराची शैली आहे.' तेव्हापासून मला या विषयात कुणाचं काही खरं वाटत नाही.

शाईबोका

अर्धविराम, आता कळलं बिब्बा कुठून आला. वाईट वाटलं.

तुमचं पेन पडदा-छपाईचं असणार. लग्नपत्रिका छापतात तशी जाळी, त्यातून चिकट थर उमटवायचा आणि वर पूड टाकायची. जपानात नावाजलेल्या कंपन्याही अशी पेनं करतात, 'आधुनिक माकी-ए' अशा नावाने, स्वस्तात, आणि तसं सांगून विकतात. त्यात फसवणूक नाही, दिसतातही छान. फसवणूक झाली ती हाताचं म्हणून विकण्यात.

ओळखायचं असेल तर भिंग तुम्ही वापरलंतच. रेघेचा शेवट बघा. हाताची रेघ ब्रश उचलताना निमुळती होते, छापलेली कापल्यासारखी थांबते. त्याच नक्षीची दोन पेनं शेजारी ठेवा, लाटेचा फेस ठिपक्यासाठी ठिपका तोच आला तर छाप. आणि अंगावर सही आहे का, कुणाची आहे.

निवांत_नीता

क्रौंचावरून प्रश्न. पांढरा रंग कसा आणतात? सगळीकडे काळा, लाल, सोनेरीच दिसतोय.

आत्याबाई

चांगलं विचारलंस. उरुशी मुळात चहाच्या रंगाची, त्यात पांढरं काहीही मिसळलं तरी दुधाचा चहाच होणार. म्हणून खरं पांढरं हवं असेल तर लाव्ह्याच्या अंड्याचं कवच. बारीक तुकडे करून एकेक चिमट्याने चिकटवतात. लाल येतो हिंगुळाने. आणि काळा रंग काजळीचाच असेल असं नाही, चिकात लोखंड मिसळलं की रसायनच बदलतं आणि अख्खा चीक काळा होतो. म्हणून त्या काळ्याला ती खोली असते, त्यात धूळ तरंगत नाही.

बोरूबहाद्दर

आणि निळसर-हिरवा झगमगाट दिसला तर तो शिंपल्याच्या आतल्या पापुद्र्याचा, रादेन. तोही कापून बसवलेला.

एक सांगायचं राहिलं. हा चीक मिळतो किती? दहा-पंधरा वर्षांचं झाड, जून ते ऑक्टोबर दर थोड्या दिवसांनी चरे पाडायचे, थेंब थेंब खरवडायचा, मोसमात जेमतेम २०० ग्रॅम. मग झाड तोडतात आणि बुंध्यातून नवा फुटवा यायची वाट बघतात. जपानच्या स्वतःच्या उरुशीतली बरीचशी इवाते प्रांतातल्या जोबोजीची, बाकी बहुतेक चीनहून येते.

आणि २०२४ च्या १ जानेवारीला नोतो द्वीपकल्पात जो भूकंप झाला त्यात वाजिमा हे लॅकरचं जुनं गाव उद्ध्वस्त झालं. सकाळचा बाजार जळून खाक झाला. तिथल्या एका वाडग्याला शंभराहून जास्त टप्पे लागतात आणि प्रत्येक टप्प्याचं घर वेगळं: लाकूड एकाकडे, थर दुसऱ्याकडे, चित्र तिसऱ्याकडे. त्यातलं एक घर पडलं की पुढचे सगळे थांबतात. पेनांसाठीही तिथे काम होतं.

वऱ्हाडी_ठेचा

हे वाचून जीव हळहळला.

एक अडाणी प्रश्न: इतकं करून ते लिहितं कसं? का नुसतं पिशवीतच?

शाईबोका

अडाणी कसला, मी तोच विचारला. साहेबांनी पेन माझ्यापुढे केलं, लिहा म्हणाले. निब माझ्या करंगळीच्या पेराहून मोठी, तिच्यावर ५० हा आकडा. मी 'श्री' काढायला गेलो, 'श' च्या मध्यात शाई संपली. साहेबांनी पेनाच्या मागची गुंडी दोन फेरे सैल केली आणि परत दिलं. या पेनात शाई थेट पोटात ड्रॉपरने भरायची, आणि पोट व निब यांच्यामध्ये एक दट्ट्या असतो. बंद असेल तर खिशात गळत नाही. लिहायला बसलं की मागून उघडायचा.

नंतर 'श्री' आला. निब लवचिक नाही, पण कागदावर लोणी. अर्धविराम, तुमचं म्हणणं बरोबर आहे, अक्षर माझं होतं तेच आलं, गचाळ.

त्यांनी ते पेन किती वर्षांपूर्वी घेतलं ते सांगितलं, किंमत सांगितली नाही, मीही विचारली नाही. एवढंच म्हणाले की घेतल्यावर पहिली पाच वर्षं भीतीने वापरलंच नाही, आणि आता माशाच्या पाठीवरचं सोनं अंगठा टेकतो तिथे थोडं गुळगुळीत झालंय. दाखवलंही. मला फरक दिसला नाही.

अर्धविराम

बायकोला विचारलं, ते छापील क्रौंचाचं पेन परत द्यायचं का, ग्राहक मंचाकडे वगैरे. म्हणाली, खबरदार. रोज दूधवाल्याचा हिशोब त्यानेच लिहिते.

मालवणी_झील

वहिनींक नमस्कार सांगा.

शाईबोका

धागा खाली जायच्या आत एक अद्यतन. कानाझावाच्या काड्या काल पोस्टाने आल्या. तिकडेच कपाटात ठेवून, वरचा थर देऊन, घासून पाठवतात, म्हणून इतके आठवडे. दोन पाती आहेत. पहिल्याच्या बुंध्याशी एक गाठ आलीय, तो माझा सुस्कारा. दुसरं बरं आहे. सोबत जपानीत एक चिठ्ठी होती. मी ऑफिसातून येऊन वाचेपर्यंत बायकोने काड्या साबणाने धुऊन गॅलरीत उन्हात वाळत घातल्या. चिठ्ठीत उन्हाबद्दल काहीतरी लिहिलंय. आत्या, उन्हाने काही होतं का?

आत्याबाई

उरुशी ॲसिडला भीत नाही, उकळत्या पाण्याला भीत नाही, उन्हाला भिते. आधी घरात घे. रसायन मग सांगते.